बोटीच्या मागे लिहिलेलं मोन्रोव्हिया : लायबेरियातली शांतता, निवडणुका आणि बाहेरची मदत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या गुहागर तालुक्यात चार घरं सोडली की पाचव्या घरातला पोरगा बोटीवर असतो. सुट्टीवर आला की फोनमधले फोटो दाखवतो, आणि त्यातल्या निम्म्या बोटींच्या मागे एकच नाव रंगवलेलं असतं. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचो, निवडणुकीच्या ड्युटीवर केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याचदा गेलोय, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. कधी धोपावे-दाभोळ फेरीबोटीत, कधी गणपतीत आरती झाल्यावर ओटीवर. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी.

सर, बोटीवर 'मोन्रोव्हिया' लिहिलंय म्हणजे ती बोट तिकडून आलेली असते का?

बहुतेक वेळा ती बोट मोन्रोव्हियाला कधी गेलेलीसुद्धा नसते. मोन्रोव्हिया ही पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाची राजधानी. या देशानं १९४८ मध्ये परदेशी मालकांच्या जहाजांना आपला झेंडा द्यायला सुरुवात केली. मालक ग्रीक असेल, जर्मन असेल, कामाला आमचा वेळणेश्वरचा पोरगा असेल, पण कागदावर बोट लायबेरियाची. नोंदणीचा कारभारही तिथून चालत नाही, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून चालतो. आज नोंदलेल्या जहाजांच्या बाबतीत लायबेरिया जगात पहिल्या दोन-तीन देशांत आहे.

हे एवढं सांगायचं कारण असं की या नोंदणीची फी त्या देशाच्या तिजोरीत जाते, आणि १९८९ ते २००३ च्या तिथल्या यादवी युद्धाच्या काळात सरकारला मिळणाऱ्या थोड्याफार खात्रीच्या पैशांपैकी ती एक होती. त्यातला काही पैसा शस्त्रांच्या व्यवहाराकडे वळवला गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानं २००१ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा ते युद्ध आपल्यापासून वाटतं तितकं लांब नव्हतं.

भांडण होतं तरी कशाचं?

अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना १८२२ पासून या किनाऱ्यावर आणून वसवलं गेलं. त्यांनी १८४७ मध्ये स्वतंत्र देश जाहीर केला. राजधानीला नाव दिलं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांचं. मात्र जे आधीपासून तिथं राहत होते ते बाहेरच राहिले. आलेल्यांच्या वंशजांनी पुढची शंभर-सव्वाशे वर्षं सत्ता, जमीन आणि शाळा आपल्याकडे ठेवल्या. १९८० मध्ये सॅम्युएल डो नावाच्या सार्जंटनं अध्यक्ष टॉलबर्ट यांना मारून सत्ता घेतली. १९८५ ची निवडणूक त्यानं लुटली. २४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलर नावाचा बंडखोर पुढारी आयव्हरी कोस्टच्या सरहद्दीवरून निंबा परगण्यात शिरला आणि युद्ध पेटलं. मधला थोडा काळ सोडला तर ते २००३ पर्यंत चाललं. सुमारे तीस लाखांचा देश, त्यातली अडीच लाखांच्या घरात माणसं मेली असा अंदाज दिला जातो. लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. बाकीचं वर्णन मी ओटीवरही करत नाही, घरात पोरंबाळं असतात.

शांतता संयुक्त राष्ट्रांनी आणली का?

त्यांच्याआधी तिथल्या बायकांचं नाव घ्यायला हवं.

२००३ च्या एप्रिलमध्ये मोन्रोव्हियातल्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात बायका पांढरे कपडे घालून बसायला लागल्या. ख्रिस्तीही होत्या, मुसलमानही. पुढे लेमा बोवी नावाची कार्यकर्ती होती. एव्हाना राष्ट्राध्यक्ष झालेल्या टेलरच्या गाड्यांचा ताफा तिथून जायचा, त्याला रोज त्या दिसायच्या. पावसातही बसल्या, उन्हातही बसल्या. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात टोपली धरून बसलेली आपली कोळीण कशी हलत नाही, तशा. शेवटी टेलरला त्यांना भेटावं लागलं आणि वाटाघाटींना जायचं कबूल करावं लागलं.

वाटाघाटी घानाच्या अक्रा शहरात जूनमध्ये सुरू झाल्या आणि आठवड्यांमागून आठवडे रेंगाळल्या. टेलरविरुद्धच्या बंडखोरांचे पुढारी हॉटेलात आरामात, आणि इकडे मोन्रोव्हियावर तोफगोळे पडतायत. जुलैमध्ये बायकांनी सभागृहाचं दार अडवलं. हातात हात घालून जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, करार झाल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. पहारेकरी बोवीला धरायला आले तेव्हा तिनं अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईनं स्वतःला उघडं करणं हा त्या भागात बघणाऱ्याला लागणारा शाप मानतात. पहारेकरी मागे सरले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करी राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर, तेही नरमले. ११ ऑगस्टला टेलर पद सोडून नायजेरियाला गेला, १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. २०११ चं शांततेचं नोबेल ज्या तिघींना मिळालं त्यात बोवी होती.

मग बाहेरच्यांनी काय केलं?

सगळ्यांत आधी उपयोगी पडले ते शेजारी. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेनं ऑगस्टमध्येच नायजेरियाचे सैनिक उतरवले. सुरक्षा परिषदेनं १९ सप्टेंबर २००३ रोजी ठराव क्रमांक १५०९ केला, आणि १ ऑक्टोबरपासून तेच सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून मोठ्या मोहिमेचा भाग झाले. मोहिमेला १५,००० पर्यंत सैनिक आणि १,११५ पोलीस ठेवायची परवानगी होती. पाकिस्तान, बांगलादेश, घाना, इथिओपिया, कुठकुठले सैनिक. ही मोहीम ३० मार्च २०१८ ला संपली. साडेचौदा वर्षं झाली.

'एवढी वर्षं कशाला?' असं लोक विचारतात. पोलीस, न्यायालय, तुरुंग, रस्ते, जन्मदाखले, सगळंच मोडून पडलेलं होतं. आपल्याकडे एक साकव वाहून गेला तर दोन पावसाळे जातात.

हजारो लोकांच्या हातातल्या बंदुका कशा काढून घेतल्या?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न, कारण यात शहाणपण आणि गोंधळ दोन्ही भरपूर आहे.

डिसेंबर २००३ मध्ये मोन्रोव्हियाबाहेर पहिली छावणी उघडली. बंदूक द्या, नाव नोंदवा, दोन हप्त्यांत ३०० डॉलर घ्या, शिक्षण किंवा धंद्याचं प्रशिक्षण घ्या, अशी योजना. पहिल्याच दिवसांत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले, छावणी अपुरी पडली, पैसे लगेच मिळेनात, दंगल झाली, गोळीबार झाला. काम बंद करावं लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये जास्त तयारीनिशी पुन्हा सुरू केलं.

नियम असा होता की बंदूक नसली तरी १५० काडतुसं आणून दिली तरी चालेल. आता या नियमाचं काय होणार हे कुठल्याही रेशन दुकानदारानं सांगितलं असतं. टोळीच्या म्होरक्यांनी काडतुसं आपल्या भाच्या-पुतण्यांना वाटली, काहींनी त्याबदल्यात मिळालेल्या डॉलरमधला अर्धा वाटा घेतला. शेवटी नावं नोंदली गेली एक लाखाच्या वर, आणि बंदुका जमा झाल्या सुमारे २८,०००.

काही जण याला भ्रष्टाचार म्हणून मोडीत काढतात. मला ते पटत नाही. नियम कडक ठेवला असता तर बंदूक नसलेल्या, म्हणजे स्वयंपाकाला, ओझी वाहायला आणि त्याहून वाईट गोष्टींसाठी पळवून नेलेल्या मुली सगळ्या बाहेर राहिल्या असत्या. तरीही त्यातल्या कितीतरी राहिल्याच.

निवडणूक परदेशी लोक घेतात की ते स्वतः?

ते स्वतः. त्यांचा राष्ट्रीय निवडणूक आयोग आहे. बाहेरून पैसा, वाहतूक, छपाई, प्रशिक्षण आणि पहारा येतो.

२००५ ची निवडणूक ११ ऑक्टोबरला झाली, म्हणजे ऐन पावसाच्या शेपटात. मोन्रोव्हियात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याला पावसाचं कौतुक सांगणारे तेच एक भेटले. रस्ते असे की मतपेट्या काही ठिकाणी हेलिकॉप्टरनं, काही ठिकाणी ट्रकनं, आणि जिथं यातलं काहीच पोचत नाही तिथं माणसांच्या डोक्यावरून गेल्या. घारापुरीला आपलं पथक अजून बोटीनंच जातं, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात विधानसभेच्या वेळी मी स्वतः यंत्रावर प्लास्टिक गुंडाळून, चिखलातून वाडीवरच्या शाळेत चढलोय. त्यामुळे डोक्यावर मतपेटी घेतलेल्या माणसाची मला कीव येत नाही, ओळख पटते. पण माझ्या पायवाटेवर कोणी बंदूक घेऊन उभा असेल ही भीती मला कधी नव्हती, आणि गावात मतदाराची यादी आधीपासून होती. त्यांना यादीच नव्यानं करायची होती, आणि लाखो लोक घर सोडून छावण्यांत राहत होते. त्यांनी नाव छावणीत नोंदवायचं की मूळ गावी, यावरच केवढा तरी वाद झाला.

अध्यक्षपदाला २२ उमेदवार उभे राहिले. पहिल्या फेरीत फुटबॉलपटू जॉर्ज वेआ पुढे होता, सुमारे २८ टक्के. अर्ध्याहून जास्त मतं कोणालाच नाहीत, म्हणून ८ नोव्हेंबरला दुसरी फेरी झाली आणि एलेन जॉन्सन सर्लीफ ५९ टक्क्यांवर मतं घेऊन जिंकल्या. आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. वेआच्या पोरांनी 'चोरी झाली' म्हणत रस्त्यावर दगडफेक केली. पण निळ्या टोप्या कोपऱ्याकोपऱ्यावर होत्या, तक्रार आयोगाकडे गेली, आणि काही आठवड्यांनी वेआनं ती सोडून दिली.

निरीक्षक नक्की काय बघतात? ते गडबड थांबवू शकतात का?

थांबवू शकत नाहीत. तो त्यांचा अधिकारच नाही. ते केंद्र वेळेवर उघडलं का, पेटी रिकामी दाखवली का, बोटाला शाई लावली का, मोजणीला सगळ्या पक्षांची माणसं होती का, हे टिपतात. लायबेरियात मोजणी त्याच केंद्रावर होते आणि आकड्यांचा कागद बाहेर चिकटवतात. आपल्याकडे केंद्रावर एकूण किती मतदान झालं याचा १७-सी चा नमुना पोलिंग एजंटाच्या हातात देतात, तसंच काहीसं. ज्याच्याकडे आपल्या केंद्राचा आकडा आहे त्याला नंतर फसवणं अवघड जातं. माझ्या मते परदेशी पाहुण्यांपेक्षा हा भिंतीवरचा कागद जास्त काम करतो.

पण १९९७ ची निवडणूकही निरीक्षकांनी चांगली म्हटली होती ना?

म्हटली होती, आणि मतपेट्यांपुरतं ते खोटंही नव्हतं. १९ जुलै १९९७ ला टेलरला ७५ टक्के मतं पडली. युद्ध ज्यानं सुरू केलं त्याच माणसाला. लोकांचा हिशेब असा होता की हा हरला तर पुन्हा रानात जाईल, त्यापेक्षा जिंकलेला बरा. शाई, पेटी, मोजणी सगळं ठीक, फक्त हरल्यावर टेलर घरी जाईल यावर कोणाचा विश्वास नव्हता. बंदुका पूर्ण गोळा झाल्या नव्हत्या. त्या वेळची शांतिमोहीम आवरून लोक निघून गेले आणि दोन वर्षांत युद्ध परत आलं.

मी ड्युटीवर असताना सगळ्यांत जास्त लक्ष हरणाऱ्या पॅनेलच्या एजंटाकडे द्यायचो. त्याची सही आली की मला झोप यायची. २००५ ला बाहेरच्यांनी काही वेगळं केलं असेल तर ते हेच, की निकालाच्या रात्री हरलेला माणूस जिथं जाऊ शकतो अशा जागा उभ्या केल्या. तक्रारीची खिडकी, न्यायालय, आणि रस्त्यात पहारा.

बातम्यांत 'सीडीसी' वाचलं. लायबेरियात पण सीडीसी काढावी लागते का?

दर वेळी हसू येतं. आपल्याकडे सीडीसी म्हणजे खलाश्याचं पुस्तक, जे मिळवायला पोरं मुंबईला खेपा घालतात. तिकडे सीडीसी म्हणजे जॉर्ज वेआचा पक्ष. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

भारतानं काय केलं?

जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची सुमारे सव्वाशे जणांची तुकडी मोन्रोव्हियाला गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली ही पहिली सगळ्या महिला पोलिसांची तुकडी, पहिल्या प्रमुख होत्या सीमा धुंडिया. पुरुष होते ते स्वयंपाक, गाड्या वगैरे सांभाळायला. माझ्या बायकोला ही ओळ फार आवडते. रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचा पहारा, जमाव आवरणं, अशी कामं त्यांच्याकडे. दर वर्षी नवी तुकडी जायची, ते थेट फेब्रुवारी २०१६ पर्यंत. त्या काळात तिथल्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं असं संयुक्त राष्ट्रांनीच सांगितलं. सगळं श्रेय या तुकडीचं म्हणता येणार नाही. पण रस्त्यात बंदूक घेतलेली बाई उभी बघून भरतीच्या रांगेत उभं राहावंसं वाटलं असेल, यात मला काही नवल वाटत नाही.

पैसे खाल्ले जात नव्हते का?

जात होते. मधल्या काळातलं २००३ ते २००६ चं हंगामी सरकार, ज्यात जुन्या टोळ्यांनाच खाती वाटून दिली होती, त्यात इतकी लूट झाली की मदत देणाऱ्यांनी हात आखडले. मग २००५ मध्ये अशी व्यवस्था आली की बंदर, विमानतळ, वनखातं, तेल अशा कमाईच्या जागी एक परदेशी तज्ज्ञ बसवायचा आणि त्याच्या सहीशिवाय खर्च होणार नाही. गावच्या देवस्थानाच्या खात्यावर दोन सह्या लागतात तसं, फक्त दुसरी सही परगावच्याची.

'म्हणजे देश गहाणच की!' असं आमचे एक मित्र म्हणाले. अपमान आहेच. सर्लीफ यांनी तो गिळला, कारण डोक्यावर अब्जावधी डॉलरचं कर्ज होतं. २०१० मध्ये त्यातलं ४.६ अब्ज डॉलरचं माफ झालं आणि परक्या सह्या गेल्या. दरम्यान त्यांच्या हिऱ्यांच्या आणि लाकडाच्या निर्यातीवर संयुक्त राष्ट्रांनी घातलेली बंदीही उठली होती.

गुन्हेगारांना शिक्षा झाली का?

इथं गोष्ट कडू होते. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली २०१२ मध्ये, पण ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. स्वतःच्या देशात त्यानं जे केलं त्यासाठी त्याच्यावर खटला चाललाच नाही. १९९० मध्ये सॅम्युएल डोला हाल हाल करून मारणारा प्रिन्स जॉन्सन २००५ ला सिनेटवर निवडून आला आणि २०२४ मध्ये मरेपर्यंत सिनेटर होता. सत्यशोधन आयोगानं २००९ च्या अहवालात खटल्यांची शिफारस केली. खुद्द सर्लीफ यांनी सुरुवातीला टेलरला मदत केली म्हणून त्यांनाही ३० वर्षं पदाबाहेर ठेवा म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं तो भाग रद्द केला, बाकीचं फडताळात गेलं. युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची तयारी करायचा आदेश अखेर २०२४ मध्ये निघाला.

त्याऐवजी बराच काळ भर दिला गेला 'पलावा हट'वर, म्हणजे गावच्या मांडवात वडीलधाऱ्यांपुढे बसून कबुली, माफी, समेट. बाहेरच्या संस्थांना ही कल्पना फार आवडते. आपल्याकडच्या गावकीत वाढलेल्या माणसाला जरा जपून वाटतं. गावकीनं बांधाची भांडणं कोर्टाच्या पायरीविना मिटवलेली मी पाहिलीत, आणि त्याच गावकीनं एका कुटुंबाला वाळीत टाकून त्यांचं पाणी बंद केलेलंही पाहिलंय. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नाही. जमीन, घर, शिवीगाळ मांडवात मिटेल. बलात्कार मांडवात मिटवा असं कोणी म्हणालं तर आधी बघावं की मांडवात बसलेत कोण.

निळ्या टोपीवाल्यांवरही आरोप झाले ना?

झाले. अन्नाच्या किंवा पैशाच्या बदल्यात मुलींचा गैरफायदा घेतल्याचे आरोप मदत संस्थांच्या माणसांवरही झाले आणि शांतिसैनिकांवरही. सैनिकाला शिक्षा करायचा अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाकडे राहतो, म्हणून बहुतेक वेळा तो मायदेशी पाठवला जातो, आणि तिथं प्रकरण विरतं.

बाहेरचे निघून जायला लागल्यावर आणि गेल्यावर काय झालं?

२०१४ ला इबोला आला, जवळपास ४,८०० माणसं गेली, सिनेटची निवडणूक डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. देश डळमळला, पण बंदुका बाहेर निघाल्या नाहीत. २०१७ ला पहिल्या फेरीनंतर एका हरलेल्या पक्षानं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयानं दुसरी फेरीच थांबवली. सात आठवडे सगळे थांबले. कोणी रानात गेलं नाही. २६ डिसेंबरला मतदान झालं, वेआ जिंकला.

२०२३ ची निवडणूक ही संयुक्त राष्ट्रांची मोहीम गेल्यानंतरची अध्यक्षपदाची पहिली निवडणूक. जोसेफ बोआकाई यांनी वेआला वीस हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. शेवटची मोजणी पुरी व्हायच्या आधीच वेआनं बोआकाईंना फोन केला आणि रेडिओवर हार मान्य केली. २००५ ला ज्याच्या नावानं दगड फेकले गेले, तोच हा माणूस.

बेकारी आहे, नशेचं संकट मोठं आहे, मोन्रोव्हियाबाहेरचे रस्ते अजून पावसात गायब होतात.

काका, निवडणुकीच्या कामासाठी तिकडे जाता येतं का? एक एजंट म्हणतोय, संयुक्त राष्ट्रांत लावतो.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे, निवडणुकांच्या कामाला त्यातून माणसं जातात. अर्ज त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचा. अनुभव बघतात, इंग्रजी बघतात, आफ्रिकेच्या पश्चिम भागात फ्रेंच आली तर उत्तम. भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रं पैसे घेत नाहीत. फॉर्मचे नाहीत, मुलाखतीचे नाहीत, मेडिकलचे नाहीत.

माझ्या पुतण्याचे अडीच लाख असेच गेले, बोटीच्या नोकरीच्या नावाखाली. त्या माणसाच्या कचेरीत गणपतीची मोठी तसबीर होती, भिंतीवर जगाचा नकाशा होता, आणि चहाही चांगला दिला. बोटीची नोकरी असेल तर आधी एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना मागा आणि क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून बघा. संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीसाठी असा परवानाच नसतो, कारण असे एजंटच नसतात. त्याला सांगा की सर विचारून घेतो म्हणाले. परत फोन येणार नाही.